मट्टांचेरीची शुक्रवारची सहल

केरळला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत फोर्ट कोची आणि मट्टांचेरी बहुधा असतेच, म्हणून आमची फसवणूक नेमकी कशी झाली ते सविस्तर लिहीत आहे.

एर्नाकुलममध्ये आमच्या मुक्कामाजवळच्या एका एजंटाने गाडी, गाईड आणि सर्व प्रवेश-तिकिटे धरून दिवसभराच्या सहलीचे माणशी 1,800 रुपये आम्हा चौघांकडून रोख घेतले. माझ्या आईचे बालपण अलिबागजवळ बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, शेजाऱ्यांमध्ये गेले. त्यामुळे मट्टांचेरीचे 1568 मधले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, पाहण्याची तिची अनेक वर्षांची इच्छा होती आणि ती मी एजंटाला दोनदा सांगितली होती. त्याने होकार दिला आणि शुक्रवार ठरवला.

सकाळी सेंट फ्रान्सिस चर्च पाहून झाले. 1524 मध्ये वास्को द गामाला येथे पुरले होते. पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेण्यात आले, तरी गाईड मात्र ते अजून येथेच असल्याचे सांगत होता. मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी दोर ओढू देणाऱ्यांनी नंतर पैसे मागितले, तेव्हा गाईड दूर जाऊन उभा राहिला. त्यानंतरचे जवळजवळ तीन तास मसाल्यांच्या आणि हस्तकलेच्या दुकानांत गेले. एका दुकानात ‘इथल्याच मळ्यातले’ म्हणून आम्हाला केशर दाखवण्यात आले, वास्तविक आपल्याकडचे केशर काश्मीरमध्ये पिकते. तिथे घेतलेली वेलची एर्नाकुलमच्या बाजारात जवळपास निम्म्या भावाने मिळत होती, हे संध्याकाळी कळले.

दुपारी उशिरा मट्टांचेरीला पोहोचलो तेव्हा राजवाड्याला कुलूप होते, कारण तो दर शुक्रवारी बंदच असतो. सिनेगॉगही बंद होते. ज्यू लोक शनिवार पाळतात हे आम्हा कोकणातल्या माणसांना चांगले ठाऊक आहे. तेल गाळणाऱ्या बेने इस्रायलींना शनिवार तेली म्हणत ते त्यामुळेच. परंतु तो शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. रोज सहली नेणाऱ्या एजंटाला मात्र ते ठाऊक नसणे शक्य नाही, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याचीच आहे.

परतावा मागितल्यावर त्याने पावती पुढे केली. तिच्यावर फक्त ‘कोची स्थलदर्शन’ एवढेच लिहिलेले होते. म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक ठिकाणाचे नाव, ते त्या दिवशी उघडे असल्याची खात्री आणि दुकानांत न थांबण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी, तसेच गाईडकडे पर्यटन खात्याचे ओळखपत्र आहे का ते पाहावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. लेखी करार नसल्यामुळे ती कितपत टिकेल, याची चिंता आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरकारी बोटीने स्वतःच मट्टांचेरीला गेलो. तिकिटाला अगदी किरकोळ पैसे पडले आणि राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रे आईने मनसोक्त पाहिली. सिनेगॉग शनिवारमुळे बंदच होते, आणि आमची परतीची गाडी दुपारची होती. आई गल्लीच्या टोकाशी थांबून, दिसत होता तेवढा घड्याळाचा मनोरा बराच वेळ पाहत राहिली.