जे-१ व्हिसावर अमेरिकन हायस्कूलचं एक वर्ष: पालकांसाठी परीक्षण

जे-१ हा अमेरिकेचा एक्सचेंज व्हिसा. त्यावर मूल वर्षभर तिथल्या कुटुंबात राहून हायस्कूलला जातं. अशा कार्यक्रमात शाळा कशी आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. मुलाचं वर्ष कसं जाणार हे ठरवतात यजमान कुटुंब आणि त्या भागातला लोकल कोऑर्डिनेटर, म्हणजे संस्थेचा स्थानिक प्रतिनिधी, आणि हे दोघंही तुम्हाला निवडता येत नाहीत. राज्य आणि गावही सहसा नाही. न्यू जर्सीत मावशी आहे, तिच्याकडे ठेवा, असंही चालत नाही. नातेवाइकांकडे ठेवायला नियमानेच मनाई आहे. तुमच्या हातात असते ती फक्त स्पॉन्सर संस्था, म्हणजे मुलाला पाठवून तिथली सोय लावणारी संस्था. म्हणून सुरुवात तिथून.

दोन वाटा आहेत. एक, अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारा केनेडी-लुगार 'यस' कार्यक्रम. तो २००२ मध्ये सुरू झाला आणि भारतात त्याचं काम एएफएस इंडिया ही एक्सचेंज संस्था पाहते. निवड स्पर्धेतून होते. निवड झाली की विमानभाडं, विमा, व्हिसाचा खर्च, दरमहा हातखर्च असं बहुतेक सगळं त्यात येतं. आपल्या वर्षी अर्ज खुले आहेत का, हे आधी बघून घ्यावं. दोन, पैसे भरून जाण्याचे कार्यक्रम. खर्च काही लाखांत जातो, पण यजमान कुटुंब स्वयंसेवी असतं आणि सरकारी शाळा सहसा फी घेत नाही. मग पैसे जातात कशाला? संस्थेचं काम, विमा आणि प्रवास यांना. त्यामुळे संस्थेकडून लेखी हिशेब मागायला संकोच करू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी शाळेत जायचं तर शिक्षणाचा पूर्ण खर्च भरावा लागतो आणि मुदत जास्तीत जास्त बारा महिने. एका वर्षासाठी आमचं मत जे-१च्या बाजूने आहे.

सरकारी पैशावर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट अनेक घरांत फार उशिरा कळते. परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पूर्ण होईपर्यंत एच आणि एल हे नोकरीचे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. पुढे पदवीसाठी एफ-१ वर जायला मात्र या अटीची आडकाठी नाही.

संस्था निवडताना सीएसआयईटी या एक्सचेंज संस्थांची तपासणी करणाऱ्या अमेरिकी मंडळाच्या यादीत तिचं नाव आहे का ते पाहा, आणि मग कोऑर्डिनेटरबद्दल खोदून विचारा. नियम असा की तो मुलाच्या यजमान घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा हवा. म्हणजे जवळजवळ पुणे-नाशिक एवढं अंतर! महिन्यातून एकदा त्याने मुलाशी संपर्क ठेवायचा, पण समोरासमोर भेट फक्त पहिल्या वेळी बंधनकारक आहे. नंतर फोन किंवा ईमेलवर भागतं. मूल मुखदुर्बळ असेल तर फोनवर 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगतं आणि अडचण तशीच राहते. तेव्हा विचारा: एका कोऑर्डिनेटरकडे किती मुलं असतात, प्रत्यक्ष भेटी किती होतात, कुटुंब बदलायची वेळ आली तर किती दिवसांत बदलता. तिसऱ्या प्रश्नावर जी संस्था 'आमच्याकडे तशी वेळच येत नाही' म्हणते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. कुटुंबं बदलावी लागतात, आणि त्यात मुलाचा दोष असतोच असं नाही. घरात त्रास असेल तर आधी कोऑर्डिनेटर, मग संस्था, आणि तिथेही दाद लागली नाही तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची १-८६६-२८३-९०९० ही हेल्पलाइन. हा नंबर मुलाला पाठ हवा.

जाण्यापूर्वीच्या तयारीत सगळ्यात जास्त घोळ लसींचा होतो. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. कांजिण्यांची लसही नाही. अमेरिकन शाळांना मात्र एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस लागतात, बहुतेक ठिकाणी कांजिण्यांचेही दोन, शिवाय हिपॅटायटिस बी, पोलिओ आणि टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला). दोन डोसमध्ये निदान चार आठवड्यांचं अंतर लागतं. ऑगस्टमध्ये निघायचं आणि जुलैत डॉक्टरकडे जायचं, हे जमत नाही. नोंदी अपुऱ्या असतील तर मूल वर्गात बसू शकत नाही. दुसरी अडचण टीबीच्या तपासणीची. बीसीजी घेतलेल्या मुलांची हातावरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी रक्तावरची इग्रा चाचणी करून घ्यावी आणि तिचा रिपोर्ट सोबत द्यावा. विम्यात दातांचा आणि चष्म्याचा खर्च सहसा नसतो, म्हणून दातांची कामं इथेच उरकून घ्या आणि जादा चष्मा बॅगेत टाका.

आता शाळा. साडेसातच्या सुमाराला सुरू होते, अडीच-तीनला सुटते. शिक्षक आपापल्या खोलीत असतात, वर्ग बदलतात ती मुलं. मधे चार-पाच मिनिटं मिळतात. पहिल्या आठवड्यात त्यातला बराच वेळ लॉकर खातो. कुलूप तीन आकड्यांचं असतं, पण बॅगेच्या नंबरलॉकसारखं नाही. चकती उजवीकडे तीन फेरे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे, पहिला आकडा एकदा ओलांडून, दुसऱ्यावर. मग उजवीकडे थेट तिसऱ्यावर. तो 'ओलांडून' विसरला की कुलूप उघडत नाही. असं कुलूप ऑनलाइन मिळतं. घरीच सराव केलेला बरा.

विषय निवडताना शाळेचा काउन्सेलर पहिल्याच भेटीत वेळापत्रक पक्कं करू पाहतो. इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास बहुतेक घ्यावेच लागतात. गणित तिथे अल्जिब्रा १, जिऑमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस असं एकेका वर्षाला तोडलेलं असतं. आपल्याकडची दहावी नीट झालेलं मूल अल्जिब्रा २ किंवा प्रीकॅल्क्युलसमध्ये बसतं. गुणपत्रिकेसोबत दहावीचा अभ्यासक्रम इंग्रजीत छापून न्या, नाहीतर वय बघून खालच्या वर्गात टाकतात. उरलेल्या तासांत सुतारकाम, मातीकाम, समूहगायन, इयरबुक (शाळेचं वार्षिक अंक-काम) यांतलं काहीतरी घ्यायलाच हवं. मैत्री होते ती अशा तासांना, कारण तिथे हात कामात असताना बोलता येतं. 'नीटचा अभ्यास बुडेल' म्हणून सगळे तास विज्ञानाने भरणारे पालक या वर्षाचा निम्मा फायदा घालवतात.

गुणांची पद्धत हुशार मुलांनाही गोंधळात टाकते. शेवटच्या परीक्षेवर सगळं नसतं; दर आठवड्याचा गृहपाठ, छोट्या चाचण्या, वर्गातला सहभाग, सगळं सरासरीत जातं. एक असाइनमेंट दिली नाही की तिथे शून्य, आणि पुढची नव्वदी त्याला सहज भरून काढत नाही. बहुतेक संस्था किमान सी सरासरीची अट घालतात. त्याहून गंभीर गोष्ट नक्कलेची. पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिण्यावर आपल्याकडे शाबासकी मिळते. तिथे संदर्भ न देता एक परिच्छेद उतरवला तरी ती फसवणूक धरतात. मुलाला हे कोणी आधी सांगत नाही, आणि बोलावणं आल्यावर त्याला आपला गुन्हाच कळत नाही. दहावीच्या सुट्टीत स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा सराव करून घ्या.

खेळात भाग घ्यायचा असेल तर शाळा उघडण्याआधी, ऑगस्टमध्येच सराव सुरू होतो. उशिरा पोहोचलेल्यांचा पहिला हंगाम हुकतो. क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातली लांब पल्ल्याची धाव) आणि वसंतातलं ट्रॅक (मैदानी शर्यती) यांत बऱ्याच शाळा कुणाला गाळत नाहीत. खो-खो खेळलेल्या मुलांनी तिथे जरूर जावं.

शाकाहारी मुलांचं कॅन्टीनमध्ये चीज पिझ्झा, पीनट बटर-जॅम सँडविच आणि सॅलडवर निभतं, पण महिनाभरात कंटाळा येतो. जेली आणि मार्शमॅलोत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, काही ठिकाणी बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले असतात. अर्जात नुसतं शाकाहारी लिहू नका. अंडं चालतं का, मांस शिजवलेल्याच तव्यातलं चालतं का, तेही लिहा. कुटुंब त्यावरूनच ठरतं. घरात फोडणी देताना आधी खिडकी उघडायची आणि पंखा लावायचा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. अंघोळीच्या वेळी शॉवरचा पडदा टबच्या आतच हवा. बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते, पाणी खालच्या छतात उतरतं. वाद अशाच गोष्टींवरून सुरू होतात.

घरी फोन आठवड्यातून एकदा पुरे. शिकागोच्या वेळेने रविवारी सकाळी नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, नोव्हेंबर ते मार्च साडेआठ. रोज दोन तास व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलाचं यजमान घराशी सूत जमत नाही, आणि दोष बहुधा कॉल लावणाऱ्या आईबाबांचा असतो.

सर्वांत कमकुवत बाजू परतल्यावरची. बऱ्याच शाळा एक्सचेंजच्या मुलांना डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, देत नाहीत, त्यामुळे ते वर्ष जादाचंच धरून चला. अकरावी इथे आल्यावर करायची की आधी करून जायची, हे ज्युनिअर कॉलेजशी निघण्यापूर्वीच लेखी ठरवा. आणि गुणांचं ट्रान्सक्रिप्ट बंद पाकिटात, शिक्क्यासह, निदान तीन प्रती, मुलाने निघण्याआधी हातात घ्यावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद झालं की नेमक्या आपल्या प्रवेशाच्या दिवसांत तिकडे फोन उचलणारं कुणी नसतं.