तेल लावून विकलेली गोटी

जुन्या काचेच्या गोट्या जमवणारी मराठी मंडळी मोजकीच, पण आहेत. त्यातले बरेच जण हल्ली अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडून ऑनलाइन लिलावात माल घेतात. मी इथे ओहायोतच राहतो, तरी माझ्या हातावर तुरी दिली गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. विक्रेत्याचं नाव देऊन उपयोग नाही, ते तो बदलत असतो.

तीन गोट्यांचा लॉट होता. मजकूर असा: मॅसॅच्युसेट्समध्ये आजोबांच्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात सापडल्या, मला यातलं काही कळत नाही. आणि दोनच ओळी खाली: 'मूळ पृष्ठभाग, पॉलिश केलेल्या नाहीत.' ज्याला यातलं काही कळत नाही त्याला गोटी पॉलिश करतात हे बरं ठाऊक!

लॉटमधली मुख्य गोटी निळ्या काचेची, साधारण इंचभर व्यासाची. तिच्यावर चमचमणारे दोन सोनेरी पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा. संग्राहक हिला 'लुट्झ' म्हणतात. ती चमक सोन्याची नसते, काचेत तांब्याचे बारीक स्फटिक असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावच्या काच कारखान्यातल्या निकोलस लुट्झ या कारागिराचं नाव तिला चिकटलंय, पण या गोट्या जर्मनीतल्या. त्यामुळे 'खुद्द लुट्झने घडवलेली' असं कोणी लिहिलं, की एक तर विकणाऱ्याला माहिती नाही किंवा तो गोष्ट विकतोय. इथे तेही लिहिलेलं होतं. बाकीच्या दोन म्हणे साध्या पीळदार जुन्या जर्मन गोट्या. सगळं मिळून ३८५ डॉलर. फोटोत दिसत होती तशी लुट्झ खरोखर असती, तर भाव वाजवीच होता.

पार्सल उघडलं तर गोट्या बोटांतून सटकत होत्या आणि बेबी ऑइलचा वास येत होता. ही युक्ती जुनीच. काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून वापरलेली गोटी धुरकट दिसते. त्या ओरखड्यांत तेल भरलं की प्रकाश जवळजवळ सरळ आरपार जातो आणि फोटोत माल कोरा करकरीत येतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुतल्यावर एका पीळदार गोटीचं खरं रूप बाहेर आलं. अंगभर चंद्रकोरी. गोटीवर गोटी आपटली की काचेच्या आत नखाच्या खुणेसारखी, चंद्रकोरीच्या आकाराची चीर पडते, तिला इथे 'मून' म्हणतात. ही गोटी निदान अस्सल जुनी होती, पोरांनी मनसोक्त खेळलेली. किंमत मात्र सांगितलेल्याच्या पासंगालाही पुरत नव्हती.

आता लुट्झ. तिची गोम कळायला ती कशी बनायची हे थोडं सांगावं लागेल. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरात लाउशा नावाचं गाव आहे, काचकामासाठी प्रसिद्ध. १८४०च्या दशकात तिथे गोट्या कापायची खास कात्री निघाली. तिच्या एका पात्याला वाटी असायची. रंगीत काचेच्या धाग्यांची तापवलेली कांडी त्या वाटीत धरून फिरवायची, गोल आकार आला की कापायची. म्हणून हातघडणीच्या गोटीला सहसा दोन टोकं असतात. आतला पीळ त्या टोकांशी येऊन संपतो आणि तिथे तुटल्याची खडबडीत खूण राहते. ही खूण म्हणजे पाँटिल. यंत्राच्या गोटीला ती नसते. इथल्या ओहायोतल्या ॲक्रन शहरच्या मार्टिन क्रिस्टेन्सनला गोल गोट्या बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबला आणि अमेरिकन यंत्रांनी बाजार घेतला.

माझ्या लुट्झच्या एका टोकाला पाँटिल होतं, पण बोट फिरवलं तर गुळगुळीत. दुसऱ्या टोकाला काहीच नाही, पीळ मध्येच कापल्यासारखा संपत होता. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली पांढरी रेघ पाहिली. एका जागी जाड, पुढे बारीक होत होत गायब, मग पुन्हा सुरू. हाताने ओढलेली रेघ थोडीफार वेडीवाकडी असतेच, पण अशी खरवडल्यासारखी नसते. सोनेरी पट्ट्यावरची काच काही ठिकाणी घासून गेली होती, तिथे चमक मरून तपकिरी डाग उरला होता. थोडक्यात, टवके उडालेली गोटी घासून, पॉलिश करून नवी केलेली. पॉलिश करणं हा गुन्हा नाही. तसं सांगून विकणारे सज्जन आहेत, पण मग किंमत निम्म्याहूनही खाली येते.

तिसरी तर अलीकडची, कुठल्या तरी आजच्या काच-कलाकाराने बनवलेली. बिचाऱ्याने ती बहुधा आपली म्हणूनच विकली असेल. पाँटिलच्या खाचेत माती भरली होती, धुतल्यावर ती सगळी निघून गेली. अंगावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेने, म्हणजे सँडपेपर. खेळून पडलेले ओरखडे कुठेही, कसेही असतात. 'यूव्ही टॉर्चखाली हिरवी चमकते, म्हणून जुनी' असंही जाहिरातीत होतं. चमकली खरी. पण युरेनियमची काच आजही बनते, आणि मँगनीजमुळेही काच फिकट हिरवी चमकते. टॉर्चवरून वय कळत नाही.

तिन्ही एकाच लॉटमध्ये का, हे नंतर ध्यानात आलं. एक खरी जुनी गोटी बाकीच्या दोघींची जामीन राहते.

भारतात याचीच दुसरी आवृत्ती चालते. मुंबईत एका दुकानदाराने माझ्या भाच्याला हिरवट काचेची साधी गोटी 'इंग्रजांच्या काळातली, दीडशे वर्षं जुनी' म्हणून दाखवली. ती गोटी सोड्याच्या फुटक्या बाटलीतली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७०च्या दशकात त्या बाटलीचं पेटंट घेतलं हे खरं, पण आपल्याकडे त्या बाटल्या अजून वापरात आहेत. आणि आपण लहानपणी जिंकलेल्या, पोटात रंगीत पाकळ्या असलेल्या पारदर्शक गोट्या? तो प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने जगभर पसरवला. त्या प्रेमाने ठेवा, पण त्यांना कोणी मोठी किंमत सांगितली तर हसून पुढे चला.

घेण्याआधी विक्रेत्याकडे गोटी साबणाने धुऊन, कोरडी करून, दोन्ही टोकं दाखवत सावकाश फिरवलेला व्हिडिओ मागा. ओल्या कापडावर किंवा काळ्या मखमलीवर काढलेल्या चार फोटोंवर पैसे लावू नका. माल आला की धुण्याआधीही फोटो काढून ठेवा. मला तेच कामी आले.

तक्रार केल्यावर आधी उत्तर आलं, 'जशा आहेत तशा विकल्या.' मग, चांगला अभिप्राय दिलात तर निम्मे पैसे परत देतो. मी 'पॉलिश केलेल्या नाहीत' ही त्याचीच ओळ आणि भिंगातून काढलेले फोटो लिलाव चालवणाऱ्यांकडे पाठवले. थोडी रखडपट्टी झाली, पण पैसे मिळाले. परतीचं टपाल माझ्याच खिशातून गेलं.

गोट्या त्याला पोचल्या. मागच्या महिन्यात तीच लुट्झ पुन्हा लिलावात दिसली, नवं नाव, तेच फोटो. आजोबा आता पेनसिल्व्हेनियाचे आहेत आणि सुरुवातीची बोली ४२० डॉलर. निळी काच, दोन सोनेरी पट्टे, आणि डावीकडच्या पट्ट्यात मधोमध तपकिरी डाग. तेलाखाली तो दिसत नाही, पण चौथा फोटो मोठा करून पाहा.