साक्षीदाराशिवाय काहीही न दाखवणारा चित्रपट : ‘झोडिअ‍ॅक’

१९६८-६९ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात पाच जणांचे खून करून वर्तमानपत्रांना पत्रे पाठवणाऱ्या ‘झोडिअ‍ॅक’चा पहिला मानला जाणारा गुन्हा, म्हणजे डिसेंबर १९६८ मधला दुहेरी खून, डेव्हिड फिंचर यांच्या २००७ सालच्या या चित्रपटात दाखवलेलाच नाही. तिथे काय घडले हे सांगायला कोणी जिवंत उरले नव्हते, एवढेच त्याचे कारण. जे तीन खुनी हल्ले पडद्यावर दिसतात, त्यांपैकी दोन ठिकाणी एकेक जण वाचला होता, आणि सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सीचालकाला मारल्यावर गाडी पुसत असलेला खुनी समोरच्या घरातल्या मुलांना खिडकीतून दिसला होता. शिवाय प्रत्येक हल्ल्यात खुन्याचे काम वेगळ्या नटाने केले आहे, कारण साक्षीदारांची वर्णनेच एकमेकांशी जुळत नव्हती. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. ज्यांची माणसे खरोखर गेली, त्यांच्या दुःखावर कल्पनेचे रंग चढवायचे नाहीत, हे दिग्दर्शकाने मनाशी पक्के केलेले दिसते.

हल्ले पहिल्या तासाभरातच संपतात आणि १५७ मिनिटांचा उरलेला मोठा भाग फायली, फोन, हस्ताक्षरतज्ज्ञांचे अहवाल आणि हद्दीच्या अडचणी यांत जातो. गुन्हे वेगवेगळ्या गावांत आणि परगण्यांत घडलेले. एका ठाण्याकडे असलेला कागद दुसऱ्याला ठाऊक नाही, आणि तो तातडीने पाठवावा तर काही ठाण्यांत अजून टेलिफॅक्सही आलेला नाही. हे वाचताना रूक्ष वाटेल, पण पाहताना माणूस हलत नाही. इन्स्पेक्टर डेव्ह टॉस्कीच्या भूमिकेत मार्क रफालो यांनी दमणूक वर्षागणिक इतकी हळूहळू वाढवत नेली आहे, की शेवटी त्यांचे खांदे केव्हा खचले हे सांगता येत नाही. रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांचा वार्ताहर पॉल एव्हरी दारूत बुडतो, तर वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार रॉबर्ट ग्रेस्मिथ, म्हणजे जेक जिलेनहाल, सगळ्यांनी नाद सोडल्यावरही एकटा चिकटून राहतो. त्याच्याच पुस्तकांवर जेम्स व्हॅंडरबिल्ट यांची पटकथा बेतलेली आहे.

चित्रपटातला सर्वांत भेदक प्रसंग एका कारखान्यात घडतो. तिघे पोलीस आर्थर ली अ‍ॅलन या संशयिताशी बोलायला आले आहेत. खोलीत टेबल-खुर्च्या आणि कामाचा नेहमीचा उजेड. जॉन कॅरोल लिंच यांचा अ‍ॅलन पायावर पाय टाकून निवांत बसतो. कोणी न विचारताच तो गाडीतल्या रक्ताळलेल्या सुऱ्यांचा विषय काढतो आणि ते रक्त कोंबडीचे होते असे सांगतो. पोलिसांची नजर त्याच्या बुटांवर जाते, मग मनगटावर. घड्याळाच्या तबकडीवर ‘झोडिअ‍ॅक’ हे नाव आणि वर्तुळात फुली असलेले तेच चिन्ह आहे, जे खुनी पत्राखाली सहीसारखे काढत असे. कोणी आवाज चढवत नाही, कोणी उठून उभेही राहत नाही. तिघे एकमेकांकडे फक्त पाहतात आणि आपल्या घशाला कोरड पडते.

एक उणीव मात्र खटकते. ग्रेस्मिथच्या पत्नीच्या भूमिकेत क्लोई सेव्हिन्यी ही चांगली अभिनेत्री हाताशी असूनही काळजी करणे आणि शेवटी घर सोडणे यापलीकडे तिला काही दिलेले नाही. नवऱ्याच्या ध्यासाची किंमत तिने मोजली, ती कथेला निसटती कळते. पुस्तकाचा कल अ‍ॅलनकडे असल्यामुळे उत्तरार्धही त्याच बाजूला झुकतो. त्याच्यावर या खुनांचा आरोप कधीच ठेवला गेला नाही आणि १९९२ मध्ये तो वारला, हे पाहताना ध्यानात ठेवलेले बरे. तरीही फिंचर प्रामाणिक राहतात. खुन्याच्या पत्राच्या पाकिटावरून मिळालेला अपुरा डीएनए २००२ मध्ये अ‍ॅलनशी जुळला नाही, हे ते अखेरच्या पाटीत स्वच्छ लिहितात.

त्या पाटीच्या जरा आधी, व्हॅलेहो गावातल्या हल्ल्यातून वाचलेला मुलगा बावीस वर्षांनी मोठा माणूस होऊन पडद्यावर येतो. पोलीस त्याच्यासमोर फोटो ठेवतात. तो एकावर बोट टेकवतो, मग दुसऱ्या फोटोकडे वळून चेहरा असा गोल होता म्हणतो, आणि पुन्हा पहिल्यावर बोट ठेवतो.