गाडी उंच झाली, गोळा जागच्या जागी

आमच्या मळ्याची वाट निफाडकडची, काळ्या मातीची. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोऱ्या खोल होतात आणि मधे वरंबा उरतो. माझी पिकअप टू-व्हील ड्राइव्ह, तीही सेकंडहँड. टोमॅटोचे क्रेट भरले की मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा, म्हणजे मधली गिअर असलेली फुगीर पेटी (डिफरन्शियल), वरंब्याला घासायचा. दोनदा तर गाडी गोळ्यावरच बसली, चाकं नुसती गरगरली. म्हणून उंची वाढवायचं डोक्यात घेतलं.

हायवेलगतचा एक गॅरेजवाला म्हणाला, "दादा, थायलंडचं किट आहे. तीन इंच उचलतो. आरटीओचं माझ्यावर सोडा." ४२ हजारांवरून ३८ वर तुटलं. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून त्यावर 'लिफ्ट किट फिटिंगसह' लिहून दिलं. मी तेही घडी घालून खिशात ठेवलं, काय सांगायचं!

संध्याकाळी गाडी आणली. खरंच रुबाबदार दिसत होती. शेजाऱ्यांनी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी त्याच वरंब्यावर तोच खर्रर्र आवाज. मला वाटलं, आज माल जास्त झाला असेल. मग साठच्या पुढे गाडी थरथरायला लागली, पुढून खड्ड्यात धाडकन आवाज यायला लागला, आणि भरल्या गाडीला ब्रेक लांब लागायला लागला. दीड महिन्यात प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला, पुढचे टायर एका कडेने खाल्ले गेले.

शेवटी पाट्यांचं, म्हणजे गाडीच्या पट्टीच्या स्प्रिंगांचं, काम करणाऱ्या एका जुन्या चाचांकडे गेलो. ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच हसले. "बेटा, इधर आ." मागे पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मधे दोन काळे ठोकळे होते. त्यांनी पान्याच्या टोकाने रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगची रेघ. बॉक्स पाइपचे तुकडे कापून, जोडून, वर काळा रंग मारलेला. अ‍ॅक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट लांब घातलेले, तेही साध्या सळईचे. पुढे तर काहीच बसवलेलं नव्हतं. टॉर्शन बारचा, म्हणजे पुढे स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीचा, बोल्ट फक्त आवळला होता. बोल्ट सगळा गंजलेला, आणि जेवढा फिरवला तेवढेच आटे चकचकीत. हेच ते थायलंड.

खरी मेख चाचांनी नंतर सांगितली. गोळा अ‍ॅक्सलवर असतो आणि अ‍ॅक्सल चाकांवर. वर ठोकळे घाला नाहीतर पाटे वाढवा, उचलली जाते ती चॅसी, म्हणजे वरचा सांगाडा. गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर. म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोजले ते त्या 'किट'ने कधी होणारच नव्हतं. आणि हे गॅरेजवाल्याला माहीत नसेल? मी त्याला पहिल्याच दिवशी वाकून गोळा दाखवला होता.

ब्रेकचं कारणही तेच. माझ्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब लोडप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह आहे, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली. चॅसी वर गेल्यावर त्याला भरलेली गाडीही रिकामीच वाटते आणि तो मागचा दाब कमी करतो. पन्नास क्रेट घेऊन उतारावर मी असा फिरत होतो, दोनदा तर पोरगं शेजारी बसलेलं.

आरटीओचं तर विचारूच नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मापाबाहेरचा बदल करता येत नाही. कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ती शिक्षा गाडीमालकाला. विमा एजंटने एवढंच विचारलं, "आरसीवर नोंद आहे का?"

पैसे मागायला गेलो तर गॅरेजवाला म्हणाला, "दादा, गाडी उंच झाली की नाही? टेप लावा." टेप त्याने मडगार्डला लावला. तुम्ही लावाल तेव्हा गोळ्याखाली लावा, कामाच्या आधी आणि नंतरही. आणि जुने पार्ट हातात घ्या, बसवायचं किट खोक्यातून आपल्यासमोर काढायला लावा.

चाचांनी ठोकळे काढून नवे यू-बोल्ट घातले, पुढचं अलाइनमेंट मी दुसरीकडे केलं. वाटेवर चार ट्रॉल्या मुरूम टाकला. गोळा घासायचा थांबला.