८८ कीचा डिजिटल पियानो, ७ वर्षांच्या पोरीसाठी: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमची लेक बेळगावात टिळकवाडीला एका सरांकडे पियानो शिकायला जाते. सुरुवातीला खर्च कशाला म्हणून ६१ कीचा साधा कीबोर्ड घेतला आणि तिथंच चुकलं. त्याच्या की नुसता हात लागला तरी दबतात, क्लासमध्ये मात्र खरा लाकडी पियानो, तिचं बोट खालपर्यंत जाईचना, घरी छान वाजवलेलं तिथं येईना आणि मग स्कूटरवर मागं बसून घरापर्यंत रडणं. शेवटी हा वेटेड कीवाला घेतला. आत हातोडीसारखी यंत्रणा असते, त्यामुळं की खऱ्या पियानोसारख्या जड लागतात, डावीकडच्या जास्त जड, उजवीकडं हलक्या होत जातात. दोन महिन्यांत बोटांत ताकद आलेली दिसली, क्लासची रडारड बंद. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण घेताना वेटेड आहे का एवढं नक्की विचारा, नुसतं ८८ की बघून घेऊ नका.

कसं बसायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या खुर्चीवर बसली की पाय लोंबकळायचे, खांदे वर चढायचे आणि पाच मिनिटांत पाठ दुखते म्हणायची. आता खुर्चीवर घडी घातलेली चादर, पायाखाली देवघरातले दोन पाट एकावर एक. कोपर कीच्या बरोबरीला आलं आणि कटकट संपली. पेडल काढूनच ठेवलंय, पाय पोचत नाही तिथं कशाला.

सगळ्यात जास्त सांगायचंय ते सासऱ्यांचं. बेळगावात पेटी म्हटलं की रामभाऊ विजापुरेंचं नाव निघतं, सासरे पण पेटीवालेच, भजनात पेटी धरतात. ते शेजारी बसून "पांढरी एक दाब गं" म्हणायचे आणि ही अंगठा वर करून बसायची, कारण सरांनी शिकवलंय एक म्हणजे अंगठा. मला वाटलं गोंधळ होणार, आजोबांना सांगावं का नको या विचारात होते. मग तिनंच एक दिवस त्यांचा हात धरून मधल्या सी (C) स्वराच्या कीवर ठेवला, "आज्जा, तुमची पांढरी एक म्हणजे आमचा सी, बोट कुठलं पण चालतं." तेव्हापासून दोघांचं जमलं. पेटीत डावा हात भात्यावर असतो ना, म्हणून आजोबांचा पण डावा हात कीवर अडखळतो, आणि ते बघून हिला डाव्या हाताचा सराव करायला एवढा हुरूप येतो की काय सांगू! रोज संध्याकाळी १० मिनिटं डावा, मग दोन्ही. रविवारी तासभर बसवून बघितलं होतं, काही उपयोग नाही, रोजची १० मिनिटंच लागू पडतात.

हेडफोन घेतला होता, पडूनच आहे. एकटी हेडफोन लावून बसली की लगेच उठते, आजोबा ऐकत असले की परत परत वाजवते.

तक्रारी दोन. सोबत आलेला एक्स स्टँड डुगडुगतो, तेवढ्या पैशात सुताराकडून टेबल करून घेतलेलं बरं. आणि याला बॅटरी नाही, पावसाळ्यात लाईट गेली की बंद, म्हणून इन्व्हर्टरच्या प्लगवर घेतलाय. त्याआधी लाईट गेली की दोघं पेटीवरच बसायची, आजोबा भाता मारायचे आणि ही दोन्ही हातांनी वाजवायची.