जॉन राजाचा खजिना, माझा डिटेक्टर आणि कॉइलचा तुटलेला कान: अकरा महिन्यांनंतर

सप्टेंबरात माझ्या मेटल डिटेक्टरच्या कॉइलचा, म्हणजे जमिनीवर फिरवायच्या थाळीचा, दांड्याशी जोडणारा प्लास्टिकचा कान तुटला, त्याच रात्री मी हे लिहायला घेतलं होतं. तेव्हा पाचपैकी एकच तारा दिला असता. बरं झालं तेव्हा पूर्ण केलं नाही. मधल्या काळात मशीनबद्दलचं आणि खजिन्याबद्दलचं माझं मत बदललं. कानाबद्दलचं बदललं नाही, आणि बदलणारही नाही.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मधल्या किमतीचा, एकदम अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारा, अकरा इंची कॉइलचा डिटेक्टर, एवढं पुरे. वजन, बॅटरी, मोड वगैरे माहिती सगळीकडे मिळते. मी 479 पाउंड मोजले. गावच्या घराचे पत्रे बदलायला बाजूला ठेवलेल्यातले दोनशे त्यात होते, म्हणून पै-पैचा हिशेब ठेवला आहे.

मी इंग्लंडमध्ये पीटरबरोला राहते. तासाभरावर सटन ब्रिज, तिथून पुढे वॉलपोल क्रॉस कीज. आज सपाट शेतं, बीट, बटाटा, गहू. 1216 साली इथे खाडी होती. 12 ऑक्टोबरला इंग्लंडचा जॉन राजा स्वतः विस्बेचच्या बाजूने वळसा घालून गेला आणि सामानाच्या गाड्या ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडातून घालण्यात आल्या. त्या रुतल्या आणि भरतीने गिळल्या. राजा आठवड्याभरात नेवर्कला वारला. त्या गाड्यांत राजमुकुटासकट जडजवाहीर होतं, अशी आठशे वर्षांची समजूत आहे.

माझं माहेर गुहागरकडचं. ओहोटीला खाडी ओलांडणं म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. आजी म्हणायची, चिखलात पाय अडकला की पाण्याकडे बघायचं नाही, आधी पाय सोडवायचा. बैलगाडी रुतली तर तेवढीही सवड मिळत नाही. म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा मला ती दंतकथा वाटली नाही. रस्ता दाखवणाऱ्याने उधाणाचा अंदाज चुकवला असेल, इतकं साधं वाटलं. मशीन घेतलं ते याच ओढीने.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. शेताचे मालक सत्तरीचे, सज्जन. लेखी परवानगी दिली, जे सापडेल ते निम्मं-निम्मं असं ठरलं. पण मशीन सतत किणकिणायचं. ओली खारी माती, त्यात खत म्हणून टाकलेल्या कुजवलेल्या कचऱ्यातले ॲल्युमिनियमचे कपटे. काडतुसांची पितळी बुडं तर मुठीने मिळायची. मी ठरवून टाकलं की मशीन खोटं बोलतं.

चूक माझी होती. संवेदनशीलता मी शेवटच्या आकड्यावर ठेवत होते, कारण पैसे दिलेत तर पूर्ण वापरावं असं वाटायचं. ती चार घरं खाली आणली, दर अर्ध्या तासाने जमिनीशी जुळवणी करून घेतली, आणि मशीन शांत झालं. खाऱ्या जमिनीत अनेक फ्रिक्वेन्सींचा खरा उपयोग इथे कळतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर लावून पाहिलं तर परत तोच कलकलाट.

मग खोलीची चाचणी केली. 1920 च्या आधीचं चांदीचं तीन पेनीचं नाणं आणलं. वजन साधारण 1.4 ग्रॅम, म्हणजे जॉनच्या काळातल्या पेनीइतकंच. परसात पुरलं. 15 सेंटिमीटरवर स्वच्छ आवाज. 20 वर दोन्ही दिशांनी फिरवलं तर पुसट. 25 वर काही नाही. जाहिरातीतला आकडा मोठा आहे, पण तो मोठ्या वस्तूचा.

त्या संध्याकाळी मी कागदावर गणित मांडलं आणि बराच वेळ गप्प बसले. जॉनच्या गाड्या जिथे रुतल्या, त्या तळावर आज कित्येक मीटर गाळ आहे. आमच्याकडे खाजण जमीन बांध घालून समुद्राकडून घेतात, तशीच ही सगळी जमीन शतकानुशतकं गाळ साठून आणि बांध घालून झालेली. दोन पेट्यांची खास मशीनं मोठी वस्तू जास्त खोलवर पकडतात, पण इतक्या गाळाखाली त्यांचाही भरवसा नाही. माझ्या हातातला डिटेक्टर फक्त नांगराने ढवळलेला वरचा थर वाचतो. राजाचा मुकुट पायाखाली असला, तरी हे मशीन मला कधीही सांगणार नाही.

आणि मुकुट होता का, हाही प्रश्न आहेच. त्या काळची बखर लिहिणारा साधू, वेंडोव्हरचा रॉजर, लिहितो की गाड्या, घोडे, खजिना, सगळं गेलं. दुसरा बखरकार, कॉगशॉलचा राल्फ, लिहितो की राजाच्या प्रार्थनेचं साहित्य, पवित्र अवशेष आणि काही लादलेली जनावरं गेली. मला राल्फ जास्त पटतो. ओहोटीच्या वाटेवर सगळाच्या सगळा तांडा एकदम बुडत नाही. मागचे लोक पुढच्यांना रुतताना बघून थांबतात.

आता कान. कॉइलला दांड्याशी जोडणारे प्लास्टिकचे दोन उभे कान असतात, मधून प्लास्टिकचा बोल्ट, दोन रबरी चकत्या. 479 पाउंडांच्या वस्तूचा सगळा भार आणि सगळा हिसका या दोन कानांवर. चकत्या चार महिन्यांत गुळगुळीत झाल्या आणि कॉइल डुलायला लागली. डुलू नये म्हणून बोल्ट आवळावा लागतो, आवळला की कानाच्या मुळाशी ताण. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कापणी झालेल्या गव्हाच्या खुंटांत, डावा कान मुळातून गेला.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगते, ही वेळ वर्षातली सर्वांत मोलाची. कापणी झाली आणि पुढची पेरणी व्हायची आहे, एवढ्या काही आठवड्यांतच ही गव्हाची शेतं मोकळी असतात. त्याच काळात सहा आठवडे मी ईमेल लिहीत होते. पहिलं उत्तर, वॉरंटीत झीज बसत नाही. मी लिहिलं, ही झीज नाही, तडा आहे. दुसरं उत्तर, बोल्ट जास्त आवळला असेल. मी त्यांच्याच पुस्तिकेतली ‘हाताने घट्ट करा’ ही ओळ फोटो काढून पाठवली. मग व्हिडिओ मागितला, तो दिला. शेवटी 139 पाउंडांची नवी कॉइल दहा टक्के सवलतीत देऊ केली. मी नाही म्हटलं. तेच कान, तेच प्लास्टिक, पुन्हा का घ्यायचं?

आरल्डाइट, काचतंतूचं कापड आणि घासून बसवलेली नायलॉनची पट्टी, एकूण अकरा पाउंड. धातू अजिबात वापरू नका, मशीन त्यालाच ओरडेल. चकत्या नळाच्या दुकानातून जाड घेतल्या. चार महिने झाले, जोड हललेला नाही. कंपनीने हे कान पहिल्यापासून असे केले असते तर तिला किती खर्च आला असता, हा विचार मला अजून सोडत नाही.

नोव्हेंबरात, एका उशिरा पेरायच्या शेताच्या बांधालगत, 14 सेंटिमीटरवर बारीक पण पक्का आवाज आला. अर्धचंद्राकृती चांदीचा तुकडा. कापून अर्धी केलेली पेनी. त्या काळी अर्धं नाणं हवं तर पेनीच तिच्यावरच्या क्रूसाच्या रेषेवर कापायचे. त्यावर ‘रिकस’ एवढी अक्षरं. जॉनने इंग्लंडच्या नाण्यांवर स्वतःचं नाव घातलंच नाही, वडिलांचं ‘हेन्रिकस’ तसंच चालू ठेवलं. सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या अधिकारी बाईंनी तोलून 0.66 ग्रॅम लिहिलं आणि 1205 नंतरच्या काही वर्षांतलं, म्हणजे जॉनच्या कारकिर्दीतलं, असं सांगितलं. सुटं नाणं कायद्याने सहसा खजिना ठरत नाही, तरी नोंद करून घेतली. दोन किंवा जास्त जुनी चांदीची नाणी एकत्र मिळाली असती तर 14 दिवसांत कॉरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागलं असतं. बाजारात तुकड्याची किंमत फार नाही. मी तो विकणार नाही, मालकांनीही निम्म्याचा आग्रह धरला नाही.

मामेभाऊ रत्नागिरीहून सारखा विचारतो, “ताई, येताना मशीन घेऊन ये, गडावर फिरवू.” त्याला आणि तसं मनात असणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगते, नको. संरक्षित किल्ल्यावर खणणं गुन्हा आहे, आणि 1878 च्या कायद्याने दहा रुपयांवरचं कुठलंही पुरलेलं धन कलेक्टरला कळवावं लागतं. गडाची माती एकदा उकरली की त्यातला काळाचा क्रम परत लावता येत नाही. मी इथेही नांगर लागलेल्या थराखाली खणत नाही. आणि या किनाऱ्याजवळ युद्धकाळातली काडतुसं, बॉम्बचे तुकडे निघतात. लांबट, जड, गंजलेलं काही दिसलं की हात न लावता पोलिसांना फोन.

मशीनला चार तारे. कानाला शून्य. उजवा कान अजून मूळचाच आहे, दर वेळी निघण्यापूर्वी नखाने तडा चाचपते. मालक मार्चच्या शेवटी बीट पेरणार आहेत, म्हणजे चार शनिवार हातात. बांधालगतचा तो पट्टा अर्धाच झाला आहे.