स्वतः बांधलेलं खर्च-नोंदीचं ॲप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रचना साधी आहे. फोनवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस प्रणालीतला एक डेटाबेस, त्यात खाती, प्रकार आणि नोंदी अशी तीन टेबलं, वर तीन स्क्रीन. नोंदीची स्क्रीन दिवसातून पाच-सहा वेळा उघडली जाते, शिल्लक आठवड्यातून दोनदा. बांधताना सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला गोल चार्ट मात्र तसाच पडून आहे.

त्यामुळे जीव ओतायचा तो नोंदीच्या स्क्रीनवर. ॲप उघडताच कर्सर रकमेत, अंकांचा कीपॅड समोर, आजची तारीख आणि मागच्या वेळचं खातं आधीच भरलेलं. शेरा ऐच्छिक ठेवा. सक्तीचा केला की त्यात नुसतं ‘अ’ टाइप होतं. प्रकार २६ होते, ते ९ वर आणले. ‘किराणा’ की ‘घरसामान’ असा प्रश्न पडला की नोंद ‘नंतर करू’मध्ये जाते आणि नंतर रक्कमच आठवत नाही. आणखी एक खोच: मराठी कीबोर्डवरून ‘५०’ आलं तर एसक्यूलाइटच्या कास्टमध्ये (मजकुराचा आकडा करताना) त्याचं मुकाट्याने शून्य होतं. देवनागरी अंक आधीच बदलून घ्या.

रक्कम पूर्णांकातच साठवा, म्हणजे १२५.५० रुपयांऐवजी १२५५० पैसे. दशांशात ठेवून ०.३० मधून आधी ०.१० आणि मग ०.२० वजा केले, तर उत्तर शून्याच्या केसभर खाली जातं. स्क्रीनवर -०.०० दिसतं आणि ‘शिल्लक संपली’ हा इशाराही पेटतो.

सर्वांत मोठा घोळ हिशेबाच्या समजुतीतला. क्रेडिट कार्डने केलेली खरेदी त्याच दिवशी खर्चात धरली आणि महिनाअखेर कार्डाचं बिल भरल्यावर तेही खर्चात टाकलं, की तोच पैसा दोनदा मोजला जातो. बिल भरणं म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वर्ग करणं. त्या नोंदीला दोन खाती असतात, प्रकार नसतो. परत आलेले पैसेही उत्पन्न म्हणून नकोत, मूळ प्रकारातच उणे खर्च म्हणून लिहा. नाहीतर त्या प्रकाराचा आकडा फुगलेला राहतो.

तारीख यूटीसीमधून, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतून, काढू नका. घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तिथे मध्यरात्रीनंतरची नोंद आदल्या दिवशी पडते, आणि १ तारखेची असेल तर थेट मागच्या महिन्यात. दर महिन्याच्या ३१ तारखेला येणारा खर्च ३० दिवसांच्या महिन्यात अखेरच्या दिवशी पडावा, हे स्वतः लिहावं लागतं. वर्षाच्या हप्त्याचे १२ भाग करून दरमहा राखीव दाखवले, तरच शिल्लक खरी वाटते.

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (नोंदीतला प्रकार प्रकारांच्या टेबलात आहे ना, ही तपासणी) सहसा बंदच असते, डेटाबेसच्या प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. नाही केली तर प्रकार पुसल्यावर त्याच्या नोंदी पोरक्या होतात. मग दोन टेबलं जोडणाऱ्या जॉइनमधून त्या गळतात, बेरीज कमी येते आणि एररही दिसत नाही. म्हणून प्रकार पुसायचा पर्यायच काढून ‘लपवा’ ठेवलाय.

बॅकअपसाठी नुसती डेटाबेसची फाइल कॉपी करणं धोक्याचं. वॅल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) ताज्या नोंदी शेजारच्या फाइलीत असू शकतात. एसक्यूलाइटच्या ‘व्हॅक्यूम इन्टू’ या आदेशाने काढलेली प्रत पूर्ण असते.

एकच बिल दोन प्रकारांत विभागण्याची सोय अजून नाही. तूर्त दोन नोंदी कराव्या लागतात.